हिरवा त्रिकोण खेकड्याला विचारून लावला का?



सोयाबीनवर चक्रीभुंगा दिसला की आपण क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल आणतो. डब्यावर हिरवा त्रिकोण. "हिरवाय, काय होत नाही" म्हणत मीही कितीतरी वर्षं फवारणी झाली की पंप बांधाखालच्या ओढ्यात धुतला. ते पाणी ओढ्यातून तावरजात, तावरजातून मांजऱ्यात.

तो त्रिकोण आपल्यासाठी आहे, राव. पोटात गेलं, कातडीला लागलं तर किती विषारी, हे उंदरांसारख्या प्राण्यांवर बघून रंग ठरतो. चतुराच्या पिल्लाला, पाणपिसूला कुणी विचारलेलं नाही. हेच औषध माणसाला जवळपास निर्धोक आणि पाण्यातल्या बारीक जिवांना अतिविषारी आहे. लॅम्डा सायहॅलोथ्रीन तर माशांनाही सोडत नाही. पाणवठ्याची सूचना असते, पण मुंगीएवढ्या अक्षरात. त्रिकोण मात्र लांबून दिसतो.

जानेवारी 2025 मध्ये 'नेचर'मध्ये अभ्यास आला. गोड्या पाण्यातले मासे, खेकडे-झिंगे, चतुर-टाचण्या अशा 23,496 जाती तपासल्या. 24 टक्के नामशेष व्हायच्या धोक्यात. खेकडे-झिंग्यांत 30 टक्के. त्यातल्या अर्ध्याहून जास्त जातींना प्रदूषणाचा फटका. मग धरणं, उपसा आणि आपली शेती.

2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. तेव्हापासून आपण पाणी टँकर, वॅगन आन टीएमसीतच मोजायलोत. त्यात जगतं काय, हे कुणी मोजत नाही. पोकलेन लावून ओढ्याची नाली केली, काठचा लव्हाळा अन् निरगुडी उपटली, फोटो काढले. साठा वाढला असंल, पण चतुरानं अंडी घालायची कुठं? त्याची पिल्लं डासाच्या अळ्या खातात, तेही फुकटात.

कुणी म्हणंल, दुष्काळात माणसं मरायलीत आन तुला खेकड्याचं पडलंय. अरे, उन्हाळ्याच्या तोंडाला डोहात गुडघाभर पाणी उरतं. भरल्या नदीत विष पातळ तरी होतं, डोहात ते कुठं जाणार? आन तेच पाणी आपली जनावरं पितात.

कृषी खात्यातल्या, विद्यापीठातल्या साहेबांना सांगणं आहे. शिफारशीत "10 लिटर पाण्यात इतके मिली" लिहिता, त्याच्या खाली त्याच आकाराच्या अक्षरात "पंप ओढ्यात धुऊ नये, धुवण पिकावरच फवारावं" हेही लिहा.

मी यंदा दोन घागरी पाणी रानातच नेतो. पंप तीनदा खळबळून ते पाणी बांधापासून आतल्या तासांवर मारतो. दहा मिनिटं जास्त लागतात.