छप्पर नुसत्या वजनाने बसत नाही

गाडीसाठी गॅरेज बांधताना छप्पर खाली येऊ नये याची काळजी सगळेच घेतात. ते वर जाऊ नये, याचा विचार फारसा कोणी करत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा कितीतरी ठिकाणी भिंती जागेवर राहिल्या आणि पत्रे उडाले. नंतर आपण वादळाला बोल लावला आणि नवे पत्रे जुन्याच पद्धतीने ठोकले.

हिशेब अवघड नाही. वाऱ्याचा सेकंदाला किती मीटर वेग, त्याचा वर्ग करून ०.६ ने गुणा, की दर चौरस मीटरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. ताशी १२० किलोमीटरच्या झोताला हा दाब साधारण ६८ किलो वजनाइतका भरतो. गॅरेज ३ मीटर बाय ६ मीटरचं धरलं, तर एकूण सव्वा टन. सपाट छपरावरून जाणारा वारा ते वर ओढतो आणि पुढून उघड्या गॅरेजमध्ये शिरलेला वारा आतून ढकलतो, म्हणून या ओझ्याचं तोंड आभाळाकडे असतं. पत्रे आणि लोखंडी पाइप मिळून वजन फार तर दोन-अडीचशे किलो. पावसाआधी पत्र्यावर चिरे, जुने टायर ठेवणाऱ्यांनी उरलेल्या टनाला किती चिरे लागतील ते मोजावं. (आणि ते चिरे वाऱ्यात कोणाच्या अंगणात पडतील, तेही.) शिवाय भारतीय मानक ८७५ मुंबईसाठी वाऱ्याचा पायाभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरतं.

खरी गोम भिंतीच्या माथ्यावर आहे. गवंडी शेवटचा थर लावून मोकळा होतो. फॅब्रिकेटर त्यावर पाइप ठेवतो, चार बोल्ट मारतो आणि तोही मोकळा होतो. मधला सांधा कोणाचाच नाही. बोल्ट कितीही महागाचा असला तरी तो फक्त वरच्या विटेला धरतो. नऊ इंची भिंतीत विटांचा एक थर मीटरला जेमतेम चाळीस किलो भरतो आणि ओढ येते शंभर किलोच्या आसपास. सिमेंटचा सांधा ताणात भरवशाचा नाही. वीट बोल्टसकट उचकटते. तीच भिंत मीटरभर खोलपर्यंत पकडली, तर चारशेहून अधिक किलो वजन छपराला धरून बसतं.

म्हणूनच इंग्लंडच्या बांधकाम नियमांत छपराच्या वळचणीपाशी किमान १ मीटर लांबीच्या उभ्या पट्ट्या, २ मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता, सांगितल्या आहेत. आपल्यालाही तेच पुरेल. भिंतीवरचा आडवा पाइप आधी या पट्ट्यांना बांधायचा, मग त्यावर छपराचे पाइप. पट्टी ३० बाय ५ मिलिमीटरची, गॅल्वनाइज्ड. समुद्राजवळ साधं लोखंड गंजून जातं. स्क्रू विटेत किंवा चिऱ्यात, सांध्यात नाही, आणि निदान एक पट्टीच्या खालच्या टोकाशी. वरच्या गॅरेजला अशा आठ पट्ट्या लागतील, म्हणजे दहा किलोच्या आत लोखंड. भिंत अजून बांधायची असेल तर माथ्यावर आरसीसी पट्टा घाला, त्याच्या सळ्या खाली लिंटेलपर्यंत न्या आणि बोल्ट काँक्रीट ओततानाच बसवा.

फॅब्रिकेटरचे शेवटचे पैसे देण्याआधी शिडी लावून वर चढा. पट्टी मीटरभर खाली उतरलेली दिसली नाही, तर पैसे रोखून धरा.