मकतबातून घरी आल्यावर



मदरशांच्या आधुनिकीकरणाची चर्चा निघाली की ती विज्ञान, गणित आणि संगणकापाशी येऊन थांबते. राज्याच्या डॉ. झाकिर हुसेन योजनेत ऑक्टोबर २०२४ मध्ये डी.एड. शिक्षकांचे मानधन ६ हजारांवरून १६ हजार आणि बी.एड. शिक्षकांचे ८ हजारांवरून १८ हजार करण्याचा निर्णय झाला. तो योग्यच आहे. पण शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम ३-४ टक्के मदरशात जातात, हे सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवले होते. मकतब आणि मदरसा यांची गल्लत होते, असेही तिने बजावले होते. ती गल्लत अजून सुटलेली नाही. शाळेत जाऊन फावल्या वेळी मशिदीच्या मकतबात कुरआन वाचायला शिकणारी मुले या चर्चेत कुठे येतच नाहीत.

मकतबात प्रामुख्याने हरफांची (अक्षरांची) ओळख, उच्चार आणि नाजरा (पाहून वाचणे) होतो; अर्थापर्यंत जायला वेळ पुरत नाही. मग अर्थ विचारायला मूल घरच्या मोबाइलकडे वळते. तिथे त्याला जड उर्दूतली बयाने, इंग्रजी प्रवचने आणि मागचापुढचा संदर्भ छाटलेल्या क्लिपा मिळतात. ‘तू हे कोणाकडून शिकलास?’ हा इस्लामी शिक्षणातला जुना प्रश्न. हदीस सांगणाऱ्यालाही सांगणाऱ्यांची साखळी द्यावी लागते. क्लिपेत ती साखळीच गायब असते. म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आलिमांनी (धर्मविद्वानांनी) मोबाइलच्या नावाने बोटे मोडण्यापेक्षा स्वतःचे छोटे पाठ ध्वनिमुद्रित करावेत, शिकवणाऱ्याचे नाव आणि सनद सांगून, आणि मराठीत.

‘दीन काय यंत्राकडून शिकायचा?’ असे विचारले जाईल. नमाजेतल्या लाउडस्पीकरवरही एकेकाळी असाच वाद झाला होता. मौलाना अशरफ अली थानवींसारख्यांचा त्याला विरोध होता. आज तो वाद कोणाच्या फारसा लक्षातही नाही. इजिप्तचे कारी महमूद खलील अल-हुसरी यांच्या आवाजातले संपूर्ण कुरआन १९६१ मध्येच ध्वनिमुद्रित झाले. तरीही आक्षेपातला एक भाग मी मान्य करतो. बडी हे (ح) आणि छोटी हे (ه) या अक्षरांतला फरक मुलाच्या घशातून नीट उतरेपर्यंत समोर उस्तादच हवा. पठणातली चूक पकडणारी ॲप आता आली आहेत, पण लाजून गप्प बसलेल्या मुलाला ती बोलते करत नाहीत. पाठांतर आणि उच्चार मकतबात, अर्थ आणि उजळणी मोबाइलवर, अशी वाटणी करता येईल.

मराठीमुळे उर्दू मागे पडेल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. उर्दू शाळा टिकल्याच पाहिजेत. पण पाथर्डी-जामखेडकडच्या खेड्यात मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला उर्दूची नस्तालिक लिपी वाचता येत नसेल, तर त्याने अर्थाविना का राहावे? श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला. ते सूफी वळणाचे संतकवी, मकतबाचा अभ्यासक्रम लिहिणारे नव्हेत, हे खरे. पण या मातीतल्या मुसलमानाने अध्यात्म मराठीत मांडणे नवे नाही, एवढे त्यावरून ठरते. कुरआनचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत.

खर्चाची सबब इथे चालणार नाही. एक मोबाइल आणि एक शांत खोली पुरते. मशिदींच्या विश्वस्तांनी येत्या उन्हाळी सुट्टीपूर्वी निदान दहा पाठ तयार करावेत. सुरुवात वुजूपासून (नमाजेआधी हात-पाय-तोंड धुण्यापासून) आणि रोजच्या नमाजेत म्हणायच्या कुरआनातल्या छोट्या सूरांच्या अर्थापासून करावी.

— एक वाचक, अहिल्यानगर