रिक्षा बदलली, विद्या कोणाच्या हाती?

माथेरानमधील हातरिक्षा बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा अमानवी ठरवली. सहा महिन्यांत ती बंद करा, हातरिक्षावाल्यांचे ई-रिक्षा देऊन पुनर्वसन करा, पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असे शासनाला बजावले. दस्तुरी नाक्यापुढे मोटारीला बंदी, म्हणून धडधाकट पर्यटकाचे ओझे गरिबाच्या छातीवर! या निकालाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु खरा प्रश्न यापुढेच सुरू होतो.

न्यायालयाने या निकालात १९८० च्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या खटल्याची आठवण दिली. पंजाबच्या १९७५ च्या कायद्याने सायकल रिक्षाचा परवाना फक्त मालक-चालकालाच ठेवला होता. हेतू चांगला, पण ज्याच्यापाशी रिक्षा घ्यायला पैसाच नाही त्याच्या पोटावर पाय येत होता. न्या. कृष्णा अय्यर यांनी बँकेच्या कर्जातून रिक्षा ओढणाराच मालक कसा होईल, याची योजना निकालातच आखून दिली. म्हणजे प्रश्न मालकीचा होता. माथेरानसाठी मात्र ई-रिक्षा भाडेतत्त्वावर देणाऱ्या केवडियाच्या धर्तीवरील योजना सुचवली गेली आहे. तात्पुरता दिलासा म्हणून ते ठीक. पण भाडेकरू कायमचा भाडेकरूच राहावा काय?

आणि आम्ही तर पुढे जाऊन म्हणतो, ई-रिक्षाची मालकी नुसत्या कागदाने येत नाही. तिचा जीव बॅटरीत असतो. साध्या ई-रिक्षात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडून ४८ व्होल्ट मिळतात. त्या १०० अँपिअर-तासांच्या असतील तर ४८ गुणिले १००, म्हणजे ४.८ युनिट वीज. शिशाची बॅटरी रोज तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर मरते आणि चढावर मोटार जास्त करंट खेचते. हे दहावीच्या विज्ञानातले गणित ज्याला येते तो बॅटरी जपतो. ज्याला येत नाही तो बिघाड वायरीत, कंट्रोलरमध्ये की बॅटरीत हे न कळता दुकानदार सांगेल ती किंमत मोजतो. घाम त्याचा, नफा दुसऱ्याचा!

हे काम आपल्या माणसांना जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. दिल्लीतील ई-रिक्षा सुटे भाग आणून छोट्या कारखान्यांत जोडल्या गेल्या, तेव्हा कायद्यात त्यांना जागाही नव्हती. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांवर बंदी घातली. नंतर नियम झाले आणि २०१५ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात ई-रिक्षाची व्याख्या आली. कारागिराचे हात पुढे होते, कायदा मागून आला.

घरगुती खटाटोप धोक्याचा, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. २०२२ मध्ये नामांकित कंपन्यांच्या विजेच्या स्कूटरीही पेटल्या होत्या. लिथियमच्या ३.२ व्होल्टच्या १६ सेलची माळ करताना प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारे सर्किट नसेल, तर आगीशी गाठ आहे. नोंदणी झालेल्या वाहनात मनाने फेरफार करण्यास कायद्याचे कलम ५२ मनाई करते. जुन्या बॅटऱ्या वस्तीत फोडल्या तर शिशाचे विष प्रथम आपल्याच लेकरांच्या अंगात जाते. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, ती त्यांच्याकडून पार पाडून घेतली पाहिजे. पण धोक्यावर उपाय अज्ञान नव्हे, शिक्षण आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचे धोरणही त्यांच्याच खात्याकडे होते. मजूर आणि वीज हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे मानले नाहीत. आपणही मानू नयेत.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रत्येक ई-रिक्षासोबत चालकाला दुरुस्तीचे मोफत प्रशिक्षण द्या. वायरिंगचा नकाशा मराठीत द्या. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्या. भाडे काही वर्षांनी मालकीत बदलेल अशी अट घाला. आणि आयटीआय, डिप्लोमा झालेल्या आमच्या तरुणांनी शासनाची वाट पाहू नये. वस्तीतील सभागृहात आठवड्यातून एक दिवस टेबल मांडा. एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंग गन, दोन बंद पडलेले चार्जर एवढ्यावर वर्ग सुरू होतो. मुलींना पहिल्या रांगेत बसवा.

बांधवांनो, रिक्षा ओढणारे हात आता स्टिअरिंगवर येत आहेत. तेच हात बॅटरी उघडून बिघाड शोधू लागतील, तेव्हाच हे पुनर्वसन पुरे झाले असे आम्ही मानू.