यंदा काय चालणार?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला की वर्तमानपत्रांना भविष्याची उबळ येते. यंदा ती माझ्यापर्यंत पोचली. पुरवणी लावणाऱ्या मुलीचा फोन आला, ‘काका, २०२६ चे आठ ट्रेंड हवेत. प्रत्येकी चार ओळी. आणि जरा हलकंफुलकं लिहा, नेहमीसारखं कुरकुरू नका.’ आठच का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘पानावर आठ चौकोन आहेत.’

नमुना म्हणून तिने कुठल्याशा इंग्रजी मासिकाचं पानही पाठवलं. येत्या वर्षी लोक सावकाश जगू लागणार, असं त्यात पहिलंच भाकीत. पेणमध्ये ते छापायला माझी हरकत नाही. वडखळ नाक्यावर आम्ही कित्येक वर्षं सावकाशच जगतो आहोत. दुसरं भाकीत, लोक मातीच्या भांड्यात शिजवलेलं खाणार. म्हणजे पोपटी. तिसरं, लोक शहर सोडून गावाकडे जागा घेणार. हे लिहिणाऱ्याची आमच्याकडच्या प्लॉटवाल्यांशी ओळख असावी.

माझी तक्रार भाकितांवर नाही, फुकटच्या भाकितांवर आहे. सांगणाऱ्याचं त्यात काहीच अडकलेलं नसतं. एका डिसेंबरात ‘यंदा जांभळा रंग’ म्हणून सांगायचं, पुढच्या डिसेंबरात ‘यंदा राखाडी’. मधल्या बारा महिन्यांत तो जांभळा कुठे गेला, हे विचारायला कोणी दारात येत नाही.

त्या मानाने बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची घटमांडणी मला बरी वाटते. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी गावाबाहेर शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्यं, मधे पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यांवर घागर, घागरीवर पापड, कुरडई, वडा, भजी. विड्यावरची सुपारी म्हणजे राजा. रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही. सकाळी कोण जागेवर राहिलं, कोण सरकलं हे बघून वर्षाचा पाऊस, पीकपाणी आणि राजाची खुर्ची सांगायची. विज्ञानवाल्यांना हे पटत नाही, मलाही पटत नाही. पण सांगणारे त्याच पंचक्रोशीत राहतात आणि पेरणीच्या वेळी त्याच शेतकऱ्यांना तोंड दाखवतात. चौकोनात लिहिणाऱ्यांपेक्षा ही छाती मोठी. (पापड जागेवर आहे का, हेही तिथे पाहतात. पेणमध्ये पोह्याचा पापड रात्रभर उघड्यावर राहून सकाळी जागेवर सापडला, तर आम्ही तो मोठाच संकेत मानू.)

खरं भविष्य बघायचं असेल, तर मात्र जानेवारीत पेणच्या एखाद्या कारखान्यात जावं. कारखाना म्हणजे गणपतीचा. दुसरा कुठला असेल तर आमच्याकडे त्याचं नाव घेऊन सांगावं लागतं. जगाचा गणपती भाद्रपदात येतो, पेणमध्ये, हमरापूरला, जोह्याला तो वर्षभर मुक्कामाला असतो. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर पावसाळ्याच्या आधीच कंटेनरमध्ये चढतात. त्यामुळे सप्टेंबरात लोकांना काय आवडेल, हे कारखानदाराला थंडी असतानाच ठरवावं लागतं. साच्यांपुढे उभं राहून तो एकच प्रश्न विचारतो, ‘यंदा काय चालणार?’ ‘जय मल्हार’ मालिका गाजली तेव्हा खंडोबाच्या वेशातला गणपती चालला. ‘बाहुबली’ आला तेव्हा पिळदार दंडाचा चालला. पण नवा सिनेमा पुढे आपटला, तर? साचा काढून झालाय, माल ओतून झालाय, रंगाचे डबे आलेत. मग तो गणपती दंड फुगवून पुढच्या वर्षापर्यंत माळ्यावर बसतो. पेणच्या मूर्तीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कारखानदाराच्या अंदाजाला ते मिळत नाही, तिथे खिशातलेच पैसे लावावे लागतात.

सरत्या वर्षी तर सिनेमाबरोबर कोर्टाचाही अंदाज बांधावा लागला. पीओपीच्या मूर्ती घडवण्या-विकण्यावरची बंदी मुंबई उच्च न्यायालयाने सैल केली ती ९ जूनला. चतुर्थी होती २७ ऑगस्टला. तोवर कारखानदार देव पाण्यात घालून बसले होते, आणि खटलाही नेमका देव कुठल्या पाण्यात घालायचे याचाच होता.

आमच्या गल्लीतल्या एका जुन्या कारखानदारांना मी परवा विचारलं, २०२६ ला काय? हातातलं काम न थांबवता ते म्हणाले, ‘बाळगणेश. बाळ कधी पडत नाही.’ मग ब्रश धुता धुता म्हणाले, ‘आणि खरं धोतर, खरा फेटा. लोकांना आता रंगवलेलं धोतर नको, नेसवलेलं हवं. नेसवणारं माणूस मिळत नाही, ही माझी पंचाईत. आमच्या पोराला स्वतःच्या लग्नात चार जणांनी मिळून नेसवलं, तो देवाला काय नेसवणार?’ आठ चौकोनांत बसेल असा याहून चांगला ट्रेंड मला कोणी सांगितला नाही.

आता पंचांगाचं काय ते एका दमात सांगून टाकतो. संक्रांत १४ जानेवारीला, आणि त्याच दिवशी षट्‌तिला एकादशी. म्हणजे तीळ दोघींना चालणार, गुळाच्या पोळीवरून मात्र घरोघर सासू-सून वाद. १९ मार्चला पाडवा. नव्या संवत्सराचं नाव ‘पराभव’. नगरपालिकांचे निकाल २१ डिसेंबरला लागले, त्यामुळे पेण-रोह्यातल्या बऱ्याच मंडळींना ते आगाऊच पोचलं. १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. त्यापायी पुढचे सगळे सण लांबले: गणपती १४ सप्टेंबरला, दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. नारळी पौर्णिमासुद्धा ऑगस्टच्या अखेरीस. सरकारची मासेमारीबंदी अधिक महिना मानत नाही, ती ३१ जुलैलाच संपणार. म्हणजे समुद्राला नारळ मिळायच्या आधी जवळजवळ महिनाभर बोटी बाहेर. समुद्र काय म्हणेल ते कोळीदादांनी बघावं.

या हिशेबावर दोन-चार भाकितं मीही करून टाकतो. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबरला विमानं उडू लागली. तेव्हा यंदा पेण तालुक्यातला प्रत्येक प्लॉट विमानतळापासून वीस मिनिटांवर असेल. मागे तोच प्लॉट अटल सेतूपासून वीस मिनिटांवर होता. प्लॉट हलत नाही, मिनिटंही हलत नाहीत, फक्त फलकावरचं चित्र बदलतं. ‘तिसऱ्या मुंबई’त उरण, पनवेल आणि पेणची मिळून १२४ गावं घेतली आहेत म्हणतात. आमची पहिल्या मुंबईला जायची गाडी अजून वेळेवर नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं भाकीत करायला तर ज्योतिषी लागत नाही. आमच्या टप्प्याचं रुंदीकरण २०११ पासून चालू आहे आणि ते दरवर्षी ‘गणपतीपूर्वी’ पूर्ण होतं. यंदा गणपतीच अठरा दिवस उशिरा येतोय. एवढी मुदतवाढ आजवर कुठल्या मंत्र्याने दिली नसेल, ती पंचांगाने दिली.

पोपटीबद्दल मी लिहिणार नव्हतो. पोपटीत पनीर घालणाऱ्यांविषयी लिहिलं होतं तेव्हाची पत्रं अजून खणात आहेत. पण त्या मासिकाने मातीच्या भांड्याचा विषय काढला, माझा इलाज नाही. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी, पुन्हा पाला. मडकं उपडं घालायचं आणि पेंढा पेटवायचा. शेतात, थंडीत, काळोखात, आणि ‘झालं का रे?’ असं सगळ्यांनी आलटूनपालटून विचारत. यंदा याचं तिकीट निघणार. माणशी दर, वर ‘लाइव्ह पोपटी’ अशी पाटी, आणि पाला बघून ‘हे ऑरिगॅनो का?’ म्हणून विचारणारे पाहुणे. लिहून ठेवा.

असो. मघाशी अधिक महिना मी एका ओळीत उरकला. आमच्या घरात तो एका ओळीचा विषय नाही. मुलगी रोह्याला दिली आहे, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. तिच्या लग्नात बँडवाले कसे उशिरा आले, तेही मी इथेच लिहिलं होतं. मागचा अधिक श्रावण २०२३ साली होता, लग्न त्यानंतरचं. म्हणजे जावयाचा हा पहिला धोंड्याचा महिना. नवं कॅलेंडर खिळ्याला लागायच्या आधीच आमच्या हिने मे महिन्याचं पान उघडून १७ तारखेभोवती लाल गोल काढला.

अधिकात जावयाला तेहतीस अनारसे द्यायचे आणि त्यांबरोबर काहीतरी चांदीचं. निरांजन द्या, तबक द्या, निदान वाटी तरी. आता चांदीने याच डिसेंबरात किलोला दोन लाखांचा आकडा ओलांडला. व्याह्यांना ही बातमी मी मुद्दाम फोन करून सांगितली, हेतू त्यांच्या लक्षात यावा म्हणून. व्याही धाटावच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेले, पक्के रोहेकर. रोहेकराशी पैशाविषयी बोलायचं म्हणजे चिंतामणराव देशमुख मधे येतातच. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर रोह्याचा, त्यामुळे व्याह्यांना चलनफुगवट्यातलं सगळं जन्मतः कळतं. ते म्हणाले, ‘चांदी अजून वर जाणार.’ एवढंच. ‘मग राहू द्या’ असं काही पुढे आलं नाही. विहीणबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, ‘आम्हाला काही नको हो, तुमचे अनारसे तेवढे जाळीदार पडू देत.’ ज्यांची मुलगी लग्नाची झाली असेल त्यांना या वाक्याचा भाव कळेल. आमच्या हिला तर फोन खाली ठेवायच्या आधीच कळला.

पुढची अडचण खुद्द जावईबापू. मुलगा सोन्यासारखा, पण गेल्या वर्षापासून प्रोटीन नावाच्या पंथात गेला आहे. सकाळी अंड्यांचा पांढरा भाग, संध्याकाळी डब्यातली पावडर, साखर-गूळ वर्ज्य. दिवाळीला आला तेव्हा चिरोट्याला त्याने बोट लावलं नाही, त्यातल्या कॅलऱ्या मात्र बरोबर सांगितल्या. अशा माणसापुढे तेहतीस अनारसे ठेवायचे! तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, कुटायचे, गुळात मळून मुरवायचं, खसखशीवर थापून तुपात सोडायचे. आणि जाळी सुटली नाही तर ते कोणाच्या दृष्टीला पडू द्यायचे नाहीत. एवढ्या खटाटोपानंतर जावई विचारणार, ‘यात प्रोटीन किती?’

मुलीने उपाय काढला आहे. आईला म्हणाली, अनारशाच्या पिठात थोडी पावडर घाल, हल्ली सगळे घालतात. त्यावर स्वयंपाकघरात जी शांतता पसरली, ती मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकली. पण हे चालणार, असं माझं मन मला सांगतंय. मे महिन्यात प्रोटीनचे अनारसे, तेहतीसच्या पेटीत, वर सोनेरी फीत, घरपोच. कोणीतरी त्यात चॉकलेटही घालणार. धोंडे मात्र कोणी पेटीत भरणार नाही. पुरणाचे उकडलेले धोंडे गरम खायचे असतात आणि त्यांचे फोटो चांगले येत नाहीत.

शिवाय १७ मेनंतर महिनाभर लग्नाचा मुहूर्त नाही, त्यामुळे सगळी लग्नं एप्रिलपासून मेच्या पहिल्या पंधरवड्यात कोंबली जाणार. एका दिवशी तीन आमंत्रणं, रोह्याला सकाळचं, नागोठण्याला दुपारचं, पेणला संध्याकाळचं, आणि तिन्हीकडे तोच पनीर. त्यात चांदी घ्यायची तर ती कधी? हिचं म्हणणं, आत्ता. माझं म्हणणं, एवढी चढलेली वस्तू कधी ना कधी उतरते, मेपर्यंत थांबू.

शेवटी परवा सराफाकडे गेलो. दुकानात गर्दी होती, घेणाऱ्यांची नव्हे, भाव विचारणाऱ्यांची. मी काउंटरवर वाकून हळूच विचारलं, ‘काय हो, मेपर्यंत उतरेल का?’

त्यांनी चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘उतरेल की. पण उतरायच्या आधी घेऊन ठेवा.’

निरांजन आता कपाटात आहे.