निकाल आणि न्याय

पराभूत सेनापतीला शहाणपण शिकवणे ही जगातील सर्वांत सोपी विद्या होय. तिला अध्ययन लागत नाही, धैर्य लागत नाही; लागतो तो केवळ दुसऱ्या दिवसाचा सूर्योदय. अमेरिकेत दरवर्षी ऑक्टोबरात बेसबॉलच्या अजिंक्यपदाचे सामने रंगतात आणि त्यांच्यापाठोपाठ ही विद्याही तेथे घरोघर बहरास येते. खेळ परका असला तरी त्यातून उभा राहणारा प्रश्न परका नाही. ज्याच्या शिरावर निर्णयाचा भार आहे त्याची परीक्षा त्याच्या विचारावरून करावयाची, की नंतर लागलेल्या निकालावरून? प्रश्न न्यायाचा आहे, म्हणूनच त्याचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

27 ऑक्टोबर 2020 रोजी टेक्सास राज्यातील आर्लिंग्टन येथे वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना झाला. लॉस एंजेलिस डॉजर्स हा संघ मालिकेत 3-2 असा पुढे होता. टँपा बे रेज संघाला हा सामना गमावणे म्हणजे सर्वस्व गमावणे होते. रेजचा पिचर ब्लेक स्नेल त्या रात्री विलक्षण तेजाने खेळत होता. त्याने 9 फलंदाजांना स्ट्राइक आउट केले होते, एकही धाव दिली नव्हती आणि टाकले होते अवघे 73 चेंडू. संघाकडे 1-0 अशी आघाडी होती. सहाव्या डावात एक फलंदाज बाद झाल्यावर प्रतिपक्षाला त्या रात्रीचा केवळ दुसरा टोला मिळाला, आणि मॅनेजर केव्हिन कॅश यांनी मैदानात येऊन स्नेलला परत बोलावले. क्रिकेटमध्ये कर्णधार बाजूला ठेवलेल्या गोलंदाजाच्या हाती पुन्हा चेंडू देऊ शकतो. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. निक अँडरसन चेंडू टाकावयास आला. मुकी बेट्सचा एक जोरकस टोला, एक स्वैर चेंडू, जमिनीलगतचा एक साधा फटका, आणि पाहता पाहता आघाडीची पिछाडी झाली. सामना 3-1 असा गेला आणि अजिंक्यपदही गेले.

कॅश यांना त्या रात्री भ्रम झाला होता काय? मुळीच नाही. फलंदाज एकाच सामन्यात त्याच पिचरसमोर तिसऱ्यांदा उभा राहतो तेव्हा त्याची नजर बसलेली असते आणि पिचरचे यश घटते, हे अनेक वर्षांच्या आकडेवारीने दाखवून दिले आहे. डॉजर्सचे आघाडीचे फलंदाज आता तिसऱ्यांदाच येणार होते. वेतनावर इतरांच्या मानाने थोडा खर्च करणारा रेज संघ अशाच हिशेबाच्या बळावर अंतिम सामन्यांपर्यंत पोहोचला होता. ज्या नौकेने समुद्र पार केला, तिच्यातून किनाऱ्याजवळ उडी टाकण्याचे कॅश यांनी नाकारले, इतकेच.

आता याच्या नेमका उलट प्रसंग पाहा. 16 ऑक्टोबर 2003 रोजी न्यूयॉर्कमध्ये यांकीजविरुद्धच्या निर्णायक सामन्यात बॉस्टन रेड सॉक्स आठव्या डावात 5-2 असा पुढे होता. जिंकल्यास वर्ल्ड सिरीजचे द्वार उघडणार होते, आणि ते अजिंक्यपद बॉस्टनला 1918 नंतर लाभलेच नव्हते. पेद्रो मार्टिनेझ थकला आहे, हे दिसत होते. मॅनेजर ग्रेडी लिटल त्याच्याजवळ गेले, बोलले आणि त्याला तसाच ठेवून परतले. त्याच डावात यांकीजने बरोबरी साधली आणि अकराव्या डावात एरन बूनच्या होमरनने सामना जिंकला. बॉस्टनने लिटल यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. एकाचा अपराध, पिचरला ठेवले; दुसऱ्याचा अपराध, पिचरला काढले!

याहूनही उद्बोधक अशी एक जोडी आहे. 1991 च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात मिनेसोटाचे मॅनेजर टॉम केली नऊ डावांनंतर जॅक मॉरिसला विश्रांती देण्याच्या विचारात होते. मॉरिसने हट्ट धरला, केलींनी तो मानला, मॉरिसने दहावा डावही कोरा राखला आणि मिनेसोटाने 1-0 असे अजिंक्यपद मिळवले. 2015 मध्ये न्यूयॉर्क मेट्सच्या मॅट हार्वेने पाचव्या सामन्यात आठ कोऱ्या डावांनंतर असाच हट्ट धरला. टेरी कॉलिन्स यांनीही तो मानला. 2-0 ची आघाडी नवव्या डावात विरघळली आणि कॅन्सस सिटीने बाराव्या डावात 7-2 असा सामना जिंकून मालिकाही जिंकली. पहिल्या मॅनेजरचा खेळाडूवरील विश्वास म्हणजे मनाचे मोठेपण ठरले, दुसऱ्याचा तोच विश्वास दुबळेपणा ठरला. काटा तोच असून माप बदलत असेल, तर दोष तोलणाऱ्याच्या हाताचा मानावा लागतो.

मात्र निकालावरून न्याय करू नये, याचा अर्थ न्यायच करू नये असा नव्हे. मॅनेजर टीकेच्या पलीकडचा नाही. परंतु टीकेची कसोटी एकच असू शकते: त्या घटकेला त्याला काय ठाऊक होते, अथवा ठाऊक असावयास हवे होते? या कसोटीवर कॅश निर्दोष ठरत नाहीत. पुढे येणारे बेट्स, सीगर व टर्नर हे तिघे त्या रात्री स्नेलसमोर मिळून सहा वेळा आले होते आणि सहाही वेळा स्ट्राइक आउट झाले होते. सहा प्रसंग थोडे आहेत, हे मान्य. परंतु ज्या अँडरसनवर भार टाकला त्याने आधीच्या सलग सहा सामन्यांत धावा दिल्या होत्या. हाही आकडाच होता आणि तो त्याच वहीत लिहिलेला होता. हजार रात्रींची सरासरी जाणणाऱ्याने डोळ्यांपुढील रात्रही वाचावयास हवी होती. लिटल यांच्यावरील आक्षेपही असाच टिकतो. शंभर चेंडूंनंतर मार्टिनेझची धार बोथट होते हे त्यांना माहीत होते, आणि त्या स्पर्धेत उत्तम खेळलेले एम्ब्री व टिमलिन हाताशी होते. बेट्सचा टोला झेलला गेला असता, बूनचा होमरन हुकला असता, तरी हे आक्षेप जागचे हलले नसते. निकाल पालटताच जो आक्षेप पालटतो, ती टीका नव्हे. तो केवळ चडफडाट होय.

आणि हा चडफडाट निरुपद्रवी नसतो. केवळ निकालालाच शिरपाव आणि निकालालाच शिक्षा, हा रिवाज रूढ झाला म्हणजे निर्णय घेणारा माणूस विजयाची शक्यता शोधत नाही, स्वतःच्या बचावाचा मार्ग शोधतो. चारचौघे जे करतील ते करून हरणे सुरक्षित, आणि आपल्या विवेकाने वागून हरणे हा गुन्हा, असे तो शिकतो. त्या दिवसापासून संघाचे सुकाणू त्याच्या हाती उरत नाही. ते उद्याच्या वृत्तपत्रांच्या हाती जाते.

निर्णय फळास आला नाही याचा खेद वाटतो, परंतु त्यामागील विचार बरोबर होता, अशा आशयाचे उत्तर कॅश यांनी त्या रात्री दिले. त्यांचा विचार आम्हांस अपुरा वाटतो. त्यांचे उत्तर मात्र सरळ होते. त्यांच्या संघाने त्यांना दूर केले नाही, आणि 2021 मध्ये त्याच संघाने त्यांच्या हाताखाली 100 सामने जिंकले. चूक दाखवावी, ती निःसंकोच दाखवावी. पण एका रात्रीच्या चुकीसाठी माणूस मोडू नये, हा विवेक त्यांच्या धन्यांनी राखला. टीकाकारांनीही एवढे पथ्य पाळावे: लेखणी उचलण्यापूर्वी निकाल क्षणभर झाकून ठेवावा आणि मग आपले मत तेच राहते काय, हे पाहावे. राहत असेल तर ते खुशाल छापावे. राहत नसेल, तर मौन पाळण्यात कमीपणा नाही.