कुंपणाच्या आतले शहाणपण

कच्छमधील कांडला येथे भारत सरकारने १९६५ साली आशियातील पहिले निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू केले. त्या वेळी दुबईत तेल सापडायचे होते. तेथील बाजारात चलन चालत होते तेही आपल्या रिझर्व्ह बँकेचे, म्हणजे १९५९ पासून खास आखातासाठी काढलेला ‘आखाती रुपया’. पुढे वीस वर्षांनी, १९८५ मध्ये, दुबईने जेबेल अली बंदराला लागून आपले मुक्त व्यापार क्षेत्र उघडले. प्रारंभी तेथे अवघ्या १९ कंपन्या होत्या. पुढे ही संख्या दहा हजारांच्या वर गेली. वीस वर्षे आधी निघालेला गडी मागे का राहिला आणि उशिरा आलेला पुढे कसा गेला, या प्रश्नाचे उत्तर आपण सहसा एका वाक्यात देऊन मोकळे होतो : ‘त्यांच्याकडे तेल आहे!’ परंतु दुबईचे तेल अबुधाबीच्या मानाने थोडेच होते आणि आज तिच्या उत्पन्नात त्याचा वाटा नगण्य आहे. तेव्हा उत्तर अन्यत्र शोधले पाहिजे.

दुसऱ्यांची बंदी, दुबईची संधी

दुबईला हे शहाणपण तेलाच्याही आधी सुचले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी इराणच्या किनाऱ्यावरील लिंगा बंदरात जकातीचा जाच वाढला. त्याच सुमारास दुबईच्या शेखांनी आपल्या खाडीवरची जकात उठवली आणि लिंग्याचे व्यापारी गलबतांसह इकडे येऊन स्थायिक झाले. पुढे हाच खेळ आपल्या बाबतीतही झाला. १९६८ च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने आपल्याकडे सोन्याच्या व्यवहारावर कडक बंधने आली. दुबईत मात्र सोने आयात करणे पूर्ण कायदेशीर होते. तेथून निघालेली सोन्याची बिस्किटे कोकणच्या आणि मुंबईच्या किनाऱ्यावर कशी उतरत, हे त्या काळची वर्तमानपत्रे वाचलेल्यांना सांगायला नको. कायदा आपला मोडत होता, पण नफा समुद्रापलीकडे जमा होत होता. १९९० मध्ये तो कायदा रद्द झाला. तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

ओसाड वाळूतले बंदर

जेबेल अली हे ठिकाण जुन्या दुबईपासून सुमारे ३५ किलोमीटरवर. शेख रशीद यांनी तेथे ओसाड वाळूत बंदर खोदायला घेतले, तेव्हा शहरातले पोर्ट रशीद सुरू होऊन पाचेक वर्षेही झाली नव्हती. १९७९ मध्ये इंग्लंडच्या राणीच्या हस्ते नव्या बंदराचे उद्घाटन झाले. साठाहून अधिक जहाजे एका वेळी लागतील एवढे धक्के तयार होते, पण जहाजे कुठे होती? हा पांढरा हत्ती कोण पोसणार, असे अनेकांनी म्हटले. मुक्त क्षेत्राची कल्पना पुढे आली ती या रिकाम्या धक्क्यांना गिऱ्हाईक मिळवून देण्यासाठी.

सवलती कोणत्या होत्या? क्षेत्राबाहेर परदेशी माणसाला धंदा करायचा तर स्थानिक भागीदाराचा वाटा किमान ५१ टक्के असावा लागे. क्षेत्रात पूर्ण मालकी त्याची. नफा मायदेशी न्यायला आडकाठी नाही, आयात-निर्यातीवर शुल्क नाही, करमाफीची दीर्घ मुदतीची हमी. आणि सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे जागा, वीज, परवाना, कामगारांचे व्हिसा यांसाठी एकाच कार्यालयात जायचे.

जकातमाफीने नेमके काय साधते?

घरगुती भाषेत सांगायचे तर मुक्त क्षेत्र म्हणजे देशाच्या उंबरठ्यावरचा ओटा. माल ओट्यावर आला, पण घरात आला नाही. समजा, चीनमधून पंख्यांचा एक कंटेनर आला. व्यापाऱ्याने तो शुल्क न भरता गोदामात ठेवला. त्यातले दोनशे पंखे केनियाच्या दुकानदाराला, तीनशे ओमानला, उरलेले आणखी कुठे असे तोडून पाठवले. जे पंखे दुबईच्या गावात विकायला जातील तेवढ्यांवरच शुल्क. ते २००३ पासून आखाती देशांच्या समान दराने साधारण ५ टक्के आहे. विकला न गेलेला माल पडून राहिला तरी शुल्कापोटी भांडवल अडकत नाही. छोट्या दुकानदाराला चीनला जाऊन आख्खा कंटेनर उचलावा लागत नाही. घाऊक बाजाराचे जे काम, तेच येथे देशादेशांमधले.

पण यासाठी बंदरात जगभरच्या जहाजांची ये-जा नियमित हवी. माल असेल तर जहाज येते आणि जहाज येत असेल तर माल येतो. दुबईने दोन्ही बाजू एकाच वेळी उभ्या केल्या. शेजारीच २०१० मध्ये मालवाहू विमानांसाठी विमानतळही सुरू केला.

कांडल्याला काय नडले?

आता आपल्याकडे पाहू. फाळणीनंतर कराची गेल्यामुळे कांडल्याचे बंदर वाढवले गेले. दूरदृष्टीत कमतरता नव्हती. परंतु तेथे प्रामुख्याने येणार तेल, खते, धान्य असा मोकळा माल. तयार वस्तू ठरलेल्या दिवशी उचलून नेणारी जहाजे मुंबईला लागत. क्षेत्रातील कारखान्यांच्या निर्यातीचा मोठा वाटा सोव्हिएत संघाला रुपयातील व्यापाराने जाई. १९९१ मध्ये तो देशच नकाशावरून गेला. शिवाय परमिटचा जो जाच कुंपणाबाहेर, त्याची सावली आतही पडलेली. आपण कुंपण घातले, पण आत दुसरे राज्य आणले नाही.

याउलट अंधेरीच्या सीप्झचे उदाहरण आहे. १९७३ मध्ये इलेक्ट्रॉनिक्ससाठी निघालेले हे क्षेत्र पुढे हिऱ्या-सोन्याच्या दागिन्यांसाठी नावारूपाला आले. विमानतळ जवळ, कुशल कारागीर शहरातच आणि माल खिशात मावेल एवढा. जागा आणि धंदा यांचा मेळ बसला की काय होते, ते येथे दिसले.

नाण्याची दुसरी बाजू

दुबईचे गुणगान करताना किंमतही पाहिली पाहिजे. ही गोदामे ज्यांच्या घामावर चालतात ते बहुतांश परदेशी मजूर आहेत, त्यात आपली माणसे लाखोंनी. त्यांचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो, संपाचा अधिकार नाही. जेथे माल फारसा प्रश्न न विचारता फिरतो तेथे काळा पैसाही फिरतो. म्हणूनच आर्थिक गैरव्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंचाने संयुक्त अरब अमिरातीला मार्च २०२२ ते फेब्रुवारी २०२४ या काळात ‘करड्या यादी’त ठेवले. शिवाय जेबेल अली होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या आत आहे. त्या चिंचोळ्या वाटेवर तणाव वाढला की तेथील व्यापाऱ्याची झोप उडते.

आपण काय घ्यावे?

आपण २००५ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा केला. लगेच बंदरापेक्षा जमिनीवरच अधिक डोळे लागले. रायगडमधील प्रस्तावित महाकाय क्षेत्राविषयी २००८ मध्ये पेण परिसरातील २२ गावांत शेतकऱ्यांचे मत घेण्यात आले. त्यांनी विरोध नोंदवला आणि तो प्रकल्प उभा राहिलाच नाही. इकडे करसवलतीच्या भरवशावर आलेल्या उद्योगांवर २०११ च्या अर्थसंकल्पाने किमान पर्यायी कर बसवला. एका चुकीने शेतकऱ्याचा विश्वास गेला, दुसरीने उद्योजकाचा.

आज भारतीय व्यापाऱ्यांसाठी जेबेल अलीतच ‘भारत मार्ट’ उभारण्याचे ठरले असून त्याची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराचीही पायाभरणी झाली. तेथील मच्छीमारांचा विरोध जुना आहे. बंदर आले की त्यामागे गोदामे आणि करमुक्त क्षेत्रे येणारच. त्या वेळी किती एकर घेतले हे मोजण्यापेक्षा, माल किती तासांत सुटतो आणि ज्यांचे घर नि समुद्र गेला त्यांच्या मुलांना तेथे कोणते काम मिळते, हे मोजले पाहिजे.

दुबईकडून शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट मात्र अलीकडची आहे. २०२१ मध्ये अमिरातीने परदेशी माणसाला पूर्ण मालकीची मुभा क्षेत्राबाहेरही बहुतेक धंद्यांत दिली. जे कुंपणात पस्तीस वर्षे करून पाहिले आणि लाभले, ते अंगणात आणले. आपल्याकडेही न्हावाशेव्याला २०१६ नंतर आयातदाराला थेट बंदरातून माल उचलण्याची सोय वाढवली गेली. त्यासाठी वेगळे कुंपण लागले नाही. एखादा नियम कुंपणाच्या आत व्यापाराला पोषक ठरत असेल, तर भिवंडीच्या यंत्रमागवाल्याने आणि इचलकरंजीच्या कारखानदाराने काय पाप केले आहे? त्यांच्यापर्यंत ते शहाणपण पोचवायचे नसेल, तर कुंपणांची संख्या वाढवून काय साधणार?