सेंटर कोर्टाची माती

जुलैंत सोलापुरांत पावसाची एक सर आली तरी घरोघर आनंद होतो. त्याच दिवसांत लंडनजवळच्या विंबल्डन गांवीं सर आली म्हणजे हजारों माणसें कपाळाला हात लावून बसत असत. हा विरोध आम्हांस नेहमींच गमतीचा वाटत आला आहे. आपल्या शहरांतही महिलांच्या आंतरराष्ट्रीय टेनिस-स्पर्धा भरूं लागल्यापासून हा खेळ साहेबांच्या क्लबापुरता राहिलेला नाहीं. तेव्हां त्या खेळाचें जें मुख्य पीठ, त्या सेंटर कोर्टाच्या बांधणीची व पुनर्बांधणीची हकीकत वाचकांस रुचेल असें वाटतें.

विंबल्डनची स्पर्धा १८७७ सालीं वर्पल रोडवरील जुन्या जागेंत सुरू झाली. तेथें हें मैदान खरोखरच मधोमध होतें, म्हणून त्याचें नांव 'सेंटर'. पहिल्या महायुद्धानंतर सुझान लेंग्लेन ह्या फ्रेंच युवतीचा खेळ पाहण्यास इतकी गर्दी लोटूं लागली कीं ती जागा अपुरी पडली. मग चर्च रोडवर नवें स्थान घेऊन स्टॅन्ली पीच ह्या वास्तुशिल्पज्ञाकडून काँक्रीटचें प्रेक्षागार बांधविलें, व २६ जून १९२२ रोजीं पंचम जॉर्ज बादशहांनीं तें खुलें केलें. ह्या नव्या जागेंत तें मध्यावर मुळींच नव्हतें. १९८० सालीं उत्तरेकडे आणखी चार कोर्टें झालीं, तेव्हां कोठें नांव सार्थ झालें! पण आमची नवी पेठ तरी इतक्या पिढ्यांनंतर नवीच आहे ना?

ऑक्टोबर १९४० मध्यें जर्मन बाँब पडून प्रेक्षागाराचा एक कोपरा उडाला व सुमारें १,२०० आसनें नष्ट झालीं. युद्धकाळांत क्लबाच्या आवारांत डुकरें व कोंबड्या पाळीत. तो मोडका कोपरा तसाच ठेवून १९४६ सालीं सामने पुन्हा सुरू केले. दुरुस्ती मागाहून झाली.

ह्या स्थानाशीं आपलें नातें केवळ प्रेक्षकाचें नाहीं. सायणभाष्यासह अथर्ववेद छापून काढणारे शंकर पांडुरंग पंडित आमच्या वाचकांस परिचित असतील. त्यांची कन्या पंडिता क्षमाबाई राव ही संस्कृत कवयित्री, आणि टेनिसमध्येंही निपुण. क्षमाबाईंची कन्या लीला राव हिनें १९३४ सालीं विंबल्डन येथें सामना जिंकला. तेथें विजय मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री होय. आजोबांनीं संहितेचे पाठ ताडून पाहावे व नातीनें विंबल्डनच्या हिरवळीवर रॅकेट चालवावी, ह्यांत त्या घराण्यास विसंगत असें कांहींच वाटलें नाहीं. मुलींचा खेळ म्हणजे अभ्यासाचा नाश, असें अजूनही म्हणणारीं वडील मंडळी कित्येक घरीं आहेत. त्यांच्यापुढें हें उदाहरण ठेवावें.

आतां छपराची गोष्ट. २००६ चे सामने संपल्यावर जुनें छप्पर उतरविलें. २००७ सालीं प्रेक्षक उघड्या आभाळाखालीं बसले. २००९ सालीं घडीचें, उघडमिट करणारें छप्पर तयार झालें. वजन सुमारें एक हजार टन, आणि मिटावयास दहा मिनिटें पुरतात. त्याच वर्षीं २९ जून रोजीं मॉरेस्मो व साफिना ह्यांच्या सामन्यांत पाऊस आला व तें प्रथम मिटविण्यांत आलें. मात्र मिटल्याबरोबर खेळ सुरू होत नाहीं. आंतील हवेचा दमटपणा यंत्रांनीं काढून टाकावा लागतो, नाहीं तर गवत ओलसर होऊन खेळाडूंचे पाय घसरतात. छपराचें कापडही प्रकाश आंत येऊं देणारें निवडलें, कारण खालीं जिवंत गवत आहे. इमारत गवताच्या सोयीनें बांधावी लागली, हें आम्हांस विशेष वाटतें.

कारण खरी पुनर्बांधणी तेथें दरवर्षीं होते. सामने संपले कीं वरचा थर यंत्रानें खरवडून काढतात व नवें बीं पेरतात. पूर्वीं दोन जातींच्या गवतांचें मिश्रण असे. २००१ पासून निव्वळ राय गवत असतें, आणि सामन्यांच्या दिवसांत तें बरोबर ८ मिलिमीटर उंच राखतात. चेंडूची उसळी मात्र गवतापेक्षां खालच्या चिकण मातीच्या कठीणपणावर अवलंबून. असली माती पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते, हें काळ्या रानांत राहणाऱ्या सोलापूरकरांस सांगावयास नको. ती भेगाळूं न देतां कठीण करणें हीच तेथील माळ्यांची विद्या. २०१२ सालीं विंबल्डन संपल्यापासून अवघ्या २० दिवसांत ऑलिंपिकचे सामने त्याच जागेवर व्हावयाचे होते. तेव्हां अगोदर मोड आणलेलें बीं पेरून त्यांनीं हिरवळ उभी केली. मटकीला मोड आणणाऱ्या आमच्या भगिनींस ही युक्ति तात्काळ कळेल.

ह्या सर्वांस पैसा लागतो, व तो १९२० पासून कर्जरोख्यांनीं उभारतात. रोखा घेणारास पांच वर्षें सामन्यांचें आसन मिळतें. २०२६ ते २०३० ह्या मुदतीच्या सेंटर कोर्टाच्या एका रोख्याची किंमत १,१६,००० पौंड!

इतका पैसा आपल्याकडे नाहीं, हें खरें. पण पैशाचा अभाव हें निगा न राखण्याचें कारण होऊं शकत नाहीं. आपल्याकडे शेणानें सारवलेल्या कोर्टांवरही टेनिस खेळलें गेलें आहे, आणि सारवण नेमानें घालावयाचें असतें हें आपल्या आजीबाईंना कोणी शिकविलें नव्हतें. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठीं पुण्याजवळ बालेवाडीस संकुल उभें राहिलें व तेथें २०१८ पासून २०२३ पर्यंत महाराष्ट्र ओपनचे सामने झाले. तेथील कठीण कोर्टांसही कांहीं वर्षांनीं रंगाचे थर पुन्हा द्यावेच लागतात. आपल्या गांवच्या संस्थांच्या वार्षिक अहवालांत उद्घाटनाचीं छायाचित्रें पुष्कळ सांपडतात. रोलर, पाणी व माळ्याचा पगार ह्यांच्या रकमा मात्र हुडकाव्या लागतात.

विंबल्डन येथें नव्या हिरवळीची परीक्षा घेण्याची रीत मोठी मजेदार होती. सामन्यांपूर्वींच्या शनिवारीं क्लबाच्या चार सभासद स्त्रिया सेंटर कोर्टावर दुहेरी खेळत. वर्षभर जपलेल्या त्या गवतावर पहिलीं पावलें त्यांचीं पडत.